नाव कुणाचं, वाटा कुणाचा? तबकडीपासून मोबाइलपर्यंत गाण्याच्या कमाईची गोष्ट



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्या दारात चालत आला. इथं विठ्ठलवाडीत आमच्या शेजारी एक भजनीबुवा राहत असत. दिवसा कारखान्यात फिटर, संध्याकाळी हातात टाळ. गळा असा, की स्टेशनकडे निघालेला माणूस एक लोकल सोडून थांबायचा. साधारण १९९० च्या सुमारास एका लहानशा कॅसेट कंपनीनं त्यांची आठ भजनं ध्वनिमुद्रित केली. बुवांना एकरकमी पैसे मिळाले, काही कॅसेटी भेट मिळाल्या, आणि एका इंग्रजी कागदावर त्यांनी सही केली. त्या दिवशी वाडीत पेढे वाटले गेले. फसवलं गेल्याची भावना कुणाच्याही मनात नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

पुढं बुवा गेले. तीस वर्षांनी त्यांच्या नातवाला मोबाइलवर आजोबांचा आवाज सापडला. भजन तेच, पखवाज तोच. पडद्यावर विठोबाचं चित्र, खाली एका वेगळ्याच कंपनीचं नाव, आणि कलाकाराच्या जागी लिहिलेलं ‘विविध’. नातवानं हौसेनं घरातल्या जुन्या कॅसेटवरून तेच भजन स्वतःच्या खात्यावर चढवलं. लगेच सूचना आली, की हा ध्वनी दुसऱ्याच्या मालकीचा आहे. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, माझ्या आजोबांचा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा कसा काय?”

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. मालकी म्हणजे काय, यावर तासन्‌तास बोललो. पण या मुलाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. मग वाचायला बसलो. जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

बिदागी आणि बलुतं

आपल्याकडे कष्टाचा मोबदला देण्याच्या दोन जुन्या रीती होत्या. एक बिदागी. गवई आला, गायला, निघाला. निरोप देताना त्याच्या हातावर जे ठेवायचं ते बिदागी. निरोपाबरोबर हिशोबही मिटतो. दुसरी रीत बलुत्याची. सुतार, लोहार वर्षभर काम करणार आणि पीक आलं की खळ्यावरून आपला वाटा नेणार. पीक चांगलं तर वाटा चांगला. बलुत्याच्या पद्धतीत जातीची जी बेडी होती तिचं कौतुक आम्ही करणार नाही. पण दोन्हींतला विचार वेगळा आहे. बिदागी हा केलेल्या कामाचा दाम असतो, बलुतं हा उत्पन्नातला हिस्सा असतो. आज ज्याला आपण रॉयल्टी म्हणतो ती जात्याच बलुत्याच्या बाजूची. गेल्या सव्वाशे वर्षांतली सगळी भांडणं एका वाक्यात सांगायची तर, कंपन्या म्हणत होत्या बिदागी घ्या, आणि कलावंत म्हणत होते वाटा द्या.

आणखी एक गोष्ट आपल्या परंपरेत आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांची नाममुद्रा असते. अभंग कुणीही गावा, कुठंही गावा, पैसे मागायला कुणी येत नाही. पण नाव गाळायचं नाही. वाटा नाही, नाव मात्र आहे. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आवाज गळ्यापासून सुटला

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगतात. त्याचं कारण व्यावहारिक होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या कामगाराला आवाज कुणाचा हे कळायला हवं होतं. आम्हाला मात्र ती नाममुद्राच वाटते.

तोवर गवई उठून गेला की गाणं संपत असे. आता गवई झोपलेला असतानाही त्याचं गाणं विकलं जाऊ लागलं. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना सुरू झाला आणि धंदा वाढला. आपल्याकडे नाट्यपदं आली, मग भावगीत आलं. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गाऊन गाजवणारे जी. एन. जोशी हे शिक्षणानं वकील. १९३८ मध्ये ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी म्हणून दाखल झाले आणि पुढं अनेक मोठमोठ्या गायकांचं गाणं त्यांनी तबकडीवर आणलं.

आता प्रश्न असा, की ही तबकडी कुणाची? ब्रिटिश कायद्यावर बेतलेला १९१४ चा कायदा आणि नंतर आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा, दोघांचंही उत्तर एकच: जो मुद्रण करवून घेतो त्याची. कवीला शब्दांचा हक्क होता, संगीतकाराला चालीचा. ज्याच्या गळ्यातून ते गाणं लोकांपर्यंत गेलं त्या गायकाला कायद्याच्या पुस्तकात जागाच नव्हती. मोठ्या नावांना कंपन्या रॉयल्टी देत, पण ती कराराची कृपा. करार करायची ताकद ज्याच्यात आहे त्यालाच ती मिळायची.

करारांचीही एक गंमत सांगतो. जुन्या तबकड्या लाखेच्या, पडल्या की फुटायच्या. म्हणून पाश्चात्त्य करारांत ‘फुटीची कपात’ असे. शंभर विकल्या तर नव्वदांवरच रॉयल्टी. पुढं न फुटणाऱ्या तबकड्या आल्या, कॅसेटी आल्या, सीडी आल्या, पण कपात कित्येक करारांत तशीच राहिली. वस्तू बदलते, कलम बदलत नाही. (हशा)

दीदी आणि रफीसाहेब

१९४९ मध्ये ‘महल’ आला. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा कुठं खरं नाव लोकांना कळलं. म्हणजे १९०२ मध्ये गायिका तबकडीत नाव सांगते, आणि १९४९ मध्ये तबकडीच्या कागदावरून नाव जातं. लताबाईंनी हा प्रश्न सोडला नाही. फिल्मफेअरमध्ये गाण्याचा गौरव संगीतकाराच्या नावानं होत असे. पार्श्वगायनाचा वेगळा पुरस्कार १९५९ मध्ये सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला.

नावानंतर त्यांनी वाट्याचा प्रश्न काढला. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं म्हणणं असं, की निर्माते निवडक संगीतकारांना जी रॉयल्टी देतात तिच्यात गायकालाही हिस्सा असावा. मोहम्मद रफींचं मत उलट होतं. गाण्याचे पैसे ठरले, मिळाले, व्यवहार संपला. चित्रपट पडला तर नुकसान निर्मात्याचं, मग चालला तर आपण का मागावं? यावरून दोघांत इतका दुरावा आला, की काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत.

लोक या भांडणाकडे रुसवा म्हणून पाहतात. आमच्या मते तो दोन तत्त्वांचा वाद होता. रफीसाहेब बिदागीच्या बाजूनं बोलत होते आणि त्यात लोभाचा लवलेश नव्हता. जोखीम ज्याची, नफा त्याचा, हे साधं नीतिवचन आहे. पण दीदींचा मुद्दाही नीट ऐकायला हवा. बिदागी योग्य असते ती काम एकदाच वापरलं जातं तेव्हा. जे गाणं पन्नास वर्षं विकलं जाणार आहे त्याचा दाम पहिल्या दिवशी कोण ठरवणार? त्या दिवशी किंमत ना गायकाला माहीत, ना कंपनीला. मग न्याय्य मार्ग एकच उरतो: किंमत जसजशी कळेल तसतसा वाटा द्यायचा.

न्यायालय, कॅसेट आणि कायदा

१९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था निघाली. तिचा चित्रपट निर्मात्यांशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ च्या मार्चमध्ये निकाल लागला: निर्मात्यानं पैसे देऊन गाणं करवून घेतलं असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतंत्र टिपणी जोडली. तिचा आशय असा, की आपल्या कायद्यात संगीत म्हणजे कागदावर उतरवलेली स्वरलिपी. गळा, गायकी, भाव यांना तिथं स्थान नाही, आणि हिंदुस्थानी संगीताच्या देशात संसदेनं याचा विचार करावा. न्यायाधीश स्वतःच सांगतोय की कायदा अपुरा आहे, हे वाचून आम्ही थक्क झालो.

संसदेला विचार करायला सतरा वर्षं लागली. मधल्या काळात कॅसेट आली. इथं उल्हासनगरच्या बाजारात टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी मिळायला लागल्यावर काय झालं ते आपल्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. तबकडीचा कारखाना काढायला मोठं भांडवल लागायचं, कॅसेटची कंपनी एका खोलीत निघायची. त्यामुळं जे आवाज मोठ्या कंपन्यांनी कधी विचारात घेतले नसते ते घराघरात पोचले. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी, आंबेडकरी जलशांतून आलेली भीमगीतं, पुढं आनंद आणि मिलिंद शिंदे यांची लोकगीतं. कॅसेटनं गाण्याला लोकशाही दिली, यात शंका नाही. पण हिशोब दिला नाही. किती प्रती निघाल्या, कुठं विकल्या, नक्कल किती झाली, काहीच नोंद नाही. म्हणून व्यवहार एकरकमी. आमचे बुवा याच काळातले.

१९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली. संगीताच्या व्याख्येतली कागदावर उतरवण्याची अट गेली आणि गायक-वादकांना ‘सादरकर्ता’ म्हणून पहिल्यांदा हक्क मिळाला. मात्र चित्रपटासाठी एकदा संमती दिली, की तो हक्क संपत असे.

मोठा बदल झाला २०१२ मध्ये. जावेद अख्तर राज्यसभेत होते आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. मे महिन्यात दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं, २१ जूनपासून कायदा लागू झाला. त्याचं सार सांगतो. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क कंपनीला दिले, तरी रॉयल्टीचा हक्क देता येत नाही, सोडताही येत नाही. ती कंपनीबरोबर समान वाटून घ्यायची. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारं गाणं तेवढं याला अपवाद. करारात रॉयल्टी किती ते लिहिलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क, स्पष्ट उल्लेखाशिवाय, दिले असं मानायचं नाही. गायकांनाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी गायकांची स्वतःची हक्कसंस्था उभी राहिली आणि तिच्या उभारणीत लताबाई होत्या. अर्धशतकापूर्वीचं म्हणणं शेवटी कायद्यात आलं. फरक एवढाच, की गीतकार-संगीतकाराला ‘समान’ हे प्रमाण कायद्यानं दिलं, गायकाला हक्क दिला पण प्रमाण सांगितलं नाही.

शंभर रुपयांची वाट

आता मोबाइल. आपल्याकडे अंकीय गाण्याचा पहिला मोठा पैसा आला तो कॉलर ट्यूनमधून. त्यातला मोठा वाटा दूरध्वनी कंपन्या ठेवत. मग डाउनलोड आलं. त्याबद्दल अमेरिकेतला एक खटला सांगण्यासारखा आहे. एमिनेम या गायकाला पहिल्यांदा करारात घेणाऱ्या निर्मात्यांनी त्याच्या कंपनीवर दावा लावला. करारात दोन दर होते: तबकडी विकली तर १२ ते २० टक्के, मूळ मुद्रण दुसऱ्याला वापरायला दिलं तर ५० टक्के. मग डाउनलोड ही विक्री की परवाना? २०१० मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, परवाना. म्हणजे ५० टक्के. एका शब्दाच्या अर्थावर एवढा पैसा अवलंबून असतो. शब्दांचे अर्थ हे तत्त्वज्ञानाचं काम आहे, असं विद्यार्थ्यांना सांगायचो तेव्हा ते हसायचे. (हशा)

आणि आता स्ट्रीमिंग. इथं कुणी गाणं विकत घेत नाही, ऐकण्याचा परवाना भाड्यानं घेतो. स्पॉटिफाय भारतात २०१९ च्या फेब्रुवारीत आलं. आपल्या उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना देतो, असं ते सांगतात. हा पैसा एका हौदात जातो आणि महिन्याच्या एकूण श्रवणांत ज्याचं जितकं प्रमाण तितका त्याला मिळतो. समजण्यापुरते आकडे घेऊ, हे आमचे कल्पित आहेत. हौदात १ कोटी रुपये, एकूण श्रवणं १० कोटी. म्हणजे एका श्रवणाला १० पैसे. बुवांचं भजन ५,००० वेळा ऐकलं गेलं तर झाले ५०० रुपये. हे ५०० बुवांना मिळत नाहीत, हक्कधारकाला मिळतात. हक्कधारक कंपनी, आणि करारात गायकाला २० टक्के असतील तर बुवांचे १००. करारात काही नसेल तर शून्य.

या पद्धतीत आणखी एक पेच आहे. एखाद्या आजीबाई महिनाभर फक्त भजनंच ऐकतात. त्यांच्या वर्गणीचा पैसा भजन गाणाऱ्यांकडे जातो का? नाही, तो हौदात जातो, आणि हौदातलं पाणी ज्याची गाणी कोट्यवधी वेळा वाजतात त्याच्या शेताकडे वाहतं. ज्याला ऐकलं त्यालाच द्यावं, अशी पद्धत साउंडक्लाउडनं २०२१ मध्ये काही कलावंतांसाठी आणली, पण ती सर्वत्र आलेली नाही. उलट स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या मुद्रणाला काहीच द्यायचं नाही. लहानाचे थेंबही हौदातच.

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये तीन मुलं आणि एक बासरी यांचा दाखला दिलाय. एकीला बासरी वाजवता येते, दुसरा गरीब आहे, तिसरीनं ती बनवलीय. बासरी कुणाला द्यावी? सेन सांगतात, तिघांचीही बाजू विचारात घेण्यासारखी आहे. गाण्यातही कंपनीची बाजू आहे. तिनं पैसा लावला, दहातली नऊ गाणी पडली तरी सोसलं. आम्ही कंपन्यांना खलनायक ठरवायला आलेलो नाही. आमचं म्हणणं एवढंच, की बासरीची किंमत रोज वाढत असताना वाजवणाऱ्याला पहिल्या दिवशीच घरी पाठवू नये.

मग नातवाला काय सांगायचं?

सांगितलं ते खरं खरं सांगितलं. बुवा गायले १९९० मध्ये, सादरकर्त्याचा हक्क आला १९९५ मध्ये. शब्द संतांचे, त्यावर कुणाचाच हक्क नाही. चाल बुवांची होती, पण ती कागदावर कधी उतरली नाही आणि त्या वेळच्या व्याख्येला कागद हवा होता. कायद्याच्या पाच-सहा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर बुवा थोडे आधी येऊन गेले होते. मुलाचा राग योग्य होता, पण बाजू कमकुवत होती.

पण एक गोष्ट मागता येत होती. ‘विविध’ या शब्दाच्या जागी नाव. आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. पैशाचा उल्लेख केला नाही. चार-पाच महिन्यांनी कलाकाराच्या रकान्यात बुवांचं नाव दिसलं. आडनावात एक अक्षर चुकलंय. ते दुरुस्त करायला दुसरं पत्र गेलंय.

आपल्याला वाटेल, नावानं काय होतं? इथं आम्ही सुरुवातीला जे लक्षात ठेवा म्हटलं होतं ते उपयोगी पडतं. संतांच्या काळात नाव होतं, वाटा नव्हता. आजच्या यंत्रणेत नावाशिवाय वाटा येऊच शकत नाही. प्रत्येक मुद्रणाला एक सांकेतिक क्रमांक असतो, त्यासोबत गायक, संगीतकार, गीतकार यांची नोंद असते, आणि पैसा त्या नोंदीच्या मागून येतो. नोंद चुकली की पैसा दुसऱ्याकडे जातो किंवा पडून राहतो. कायदाही हेच सांगतो. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आहे आणि रिवाजानुसार श्रेयनामावलीत ज्याचं नाव येत नाही, त्याला २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्त्यांमधून बाहेर ठेवलंय. यादीत नाव नाही तर हक्काची बातच नाही.

बुवांच्या मंडळातली तरुण मुलं आता घरातच मुद्रण करतात. परवा आम्ही गेलो होतो. माइक लावण्याआधी नातवानं एक वही उघडली. गाणारा कोण, चाल कुणाची, पखवाज कुणाचा, टाळाला कोण कोण, सगळ्यांची पूर्ण नावं, आणि पुढं प्रत्येकाचा वाटा, खाली सह्या. एक टाळकरी आजोबा म्हणाले, “अरे, माझं कशाला लिहितोस, मी नुसता टाळ धरतो.” पोरगा म्हणाला, “आजोबा, नुसता धरत असाल तर नका लिहू. वाजवत असाल तर सही करा.”

आजोबांनी चष्मा मागवला आणि सही केली.

आमचं व्याख्यान इथं संपलं. आपल्यापैकी कुणाकडे अशी जुनी कॅसेट आणि जुना कागद असेल, तर कॅसेटपेक्षा आधी कागद जपा. आणि त्या कॅसेटवर कोण कोण वाजवत होतं हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर नावं विचारून लिहून ठेवा.